नोंद क्रमांक दोनशे सतरा

१

बातमी आली त्या दिवशी मी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. डिसेंबरचा दुसरा रविवार. समोरच्या हाडांच्या दवाखान्यात गावाकडचे कुणी लोक आले होते आणि आमच्याच घराला दवाखाना समजून खालून हाका मारत होते. नागपूरच्या धंतोलीत, दवाखान्यांच्या या वस्तीत, हे रोजचंच आहे. मी गॅलरीत जाऊन हात करून त्यांना पलीकडचं फाटक दाखवलं, परत येऊन बसले, आणि फोन वाजला.

फोन धम्मानंदचा होता. तो माझ्या नवऱ्याचा, मुकुंदचा, जुना विद्यार्थी. आता स्वतः कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी मुकुंदबरोबर कासवांच्या मोजणीला कन्हान नदीवर जायचा. तो म्हणाला, "मॅडम, सर डोहात उतरले होते. अजून वर आले नाहीत."

मी विचारलं, किती वेळ झाला. तो म्हणाला, पाऊण तास.

मी बरं म्हणाले आणि सोललेल्या दाण्यांवर ताटली झाकली. पाऊण तास म्हणजे काय हे मला कळलं होतं, तरी दाणे वाळू नयेत एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता.

चार दिवस बोटी फिरल्या. नदीवर मासे धरणाऱ्या ढिवरांनी आपली जाळी टाकली. काठावरच्या खडकापाशी मुकुंदच्या चपला मिळाल्या, पिशवी मिळाली, पिशवीत कानस, मोजपट्टी आणि अर्धा खाल्लेला डबा मिळाला. तो मिळाला नाही.

२

आमच्या घरातलं मागचं बाथरूम वीस वर्षं कासवांचं होतं. ढिवरांना मुकुंदने सवय लावली होती की जाळ्यात कासव आलं तर ते कापायचं नाही, आधी सरांकडे आणायचं. तो ते निळ्या प्लास्टिकच्या टबात ठेवायचा, तपासायचा आणि दुसऱ्या दिवशी नदीत सोडून यायचा. वनखात्याच्या परवानगीचा कागद दारावर चिकटवलेला होता. त्याच्याखाली त्याने स्वतः केलेला ओळखीचा तक्ता. पाठ कठीण की मऊ? कठीण असेल तर प्रश्न दोन पाहा, मऊ असेल तर प्रश्न पाच. पाठीवर कणा, म्हणजे लांब उंचवटा, एक की तीन? असं करत करत शेवटी एका नावाशी पोचायचं. 'सांगता येत नाही' असं उत्तर त्या तक्त्यात नव्हतं. सांगता येत नाही म्हणजे तू नीट पाहिलं नाहीस, असं तो म्हणायचा.

नाव ठरलं की कठीण पाठीच्या कासवाला क्रमांक मिळायचा. पाठीच्या काठाला चौकोनी खवले असतात, त्यांवर तो कानशीने खाच पाडायचा. उजव्या काठाचे खवले एकक, डाव्या काठाचे दशक, शेपटीकडचे शतक; कितव्या खवल्यावर खाच, तो अंक. नख घासल्यासारखंच ते, दुखत नाही. जाळ्याचा दोरा अडकू नये म्हणून खाचेच्या कडा तो पुन्हा घासून गोल करायचा आणि शेवटी भुकटीवर फुंकर मारायचा. मी स्वयंपाकघरात असले तरी ते सगळं ऐकू यायचं. एक लांब घासणं, मग दोन आखूड, दोन आखूड, फुंकर.

त्यानंतर वही. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, कपाटात असायची. क्रमांक, तारीख, ठिकाण, प्रकार, नर की मादी, लांबी, शेरा. मुकुंदची शेवटची नोंद एक डिसेंबरची होती. २१३.

जानेवारीत आमची मुलगी नूपुर पुण्याहून आली तेव्हा गुरुजींना घरी घेऊन आली. देह मिळाला नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, त्याला पालाशविधी म्हणतात, असं त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. एकूण तीनशे साठ पानं. डोक्याला चाळीस, मानेला दहा, आणि पुढे असंच अवयव मोजत जायचं. विधी झाला की माणूस गेला असं धरायचं, मग कुणी वाट पाहायची नाही. नवी पानं चैत्रात येतील, तेव्हा करू, असं ते म्हणाले.

मी नाही म्हणाले नाही. माझ्या शाळेच्या परीक्षा होऊ देत, एवढंच म्हणाले.

३

फेब्रुवारीत एका सकाळी गोविंदा आला. कन्हानचा म्हातारा ढीवर, मुकुंदचा सगळ्यात जुना माणूस. हातात ओलं पोतं होतं. जिना चढून दमला होता, तरी पाणी न पिता बोलायला लागला.

"जाळ्यात आलं, बाई. घरची म्हणे, सर गेले आता, करू का रस्सा. मी म्हटलं, सर गेले तं गेले, वही हाय ना."

मी त्याला सांगितलं की ते काम धम्मानंदसरांकडे न्यायला हवं. तो पोतं घेऊन तसाच उभा राहिला. म्हणाला, सरायच्या घरची वही, सरायच्या घरातच लिहा, मले दुसरीकडं जमत नाई.

मग मी कासव टबात ठेवलं आणि दारावरचा तक्ता वाचत ओळखलं. पाठ कठीण. कणे तीन. रंग काळपट, पोटाला पिवळी कड. काळं कासव, नदीत नेहमी मिळतं ते. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं होतं. नाव सापडलं तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी पुरं केल्यासारखं वाटलं.

लांबी मोजायला वळवलं तेव्हा काठावर खाचा दिसल्या. शेपटीकडे दुसऱ्या खवल्यावर एक. डावीकडे पहिल्या खवल्यावर एक. उजवीकडे चौथ्यावर. कडा गोल केलेल्या. २१४.

संध्याकाळी धम्मानंद आला. त्याने चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला की त्या दिवशी तो चहा आणायला गेला होता तेव्हा सरांनी एक कासव धरून खाच पाडली असणार, वहीत लिहायचं राहिलं. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मी ती ओळ माझ्या अक्षरात भरली आणि तारीख डिसेंबरची टाकली.

४

दुसरं कासव गोविंदाने मार्चमध्ये आणलं. हेही काळं. या वेळी मी आधी काठावरून बोट फिरवलं. काठ पूर्ण गुळगुळीत होता. गोविंदासमोर फिरवलं की तो गेल्यावर, हे मात्र आता मला ठामपणे सांगता येत नाही.

दुपारचे दोन वाजले होते. मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. खाली एक रुग्णवाहिका वळायला जागा शोधत होती आणि तिचा भोंगा सारखा चालू-बंद होत होता. तो थांबल्यावर मागून घासण्याचा आवाज आला. टबाला नखं लागली की असा आवाज येतो, मला माहीत आहे. मी कुकरचं झाकण बसवलं.

एक लांब घासणं. मग दोन आखूड. दोन आखूड.

मी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. नखांनाही लय असू शकते. ऐकणाऱ्याच्या मनात जी लय असते ती कुठेही ऐकू येते. मी हे सगळं स्वतःला सांगत होते, आणि तेवढ्यात फुंकर ऐकू आली.

बाथरूममध्ये कुणी नव्हतं. खिडकी बंद, फरशी कोरडी. टबातल्या पाण्यावर पांढरी भुकटी तरंगत होती आणि कासवाने मान आत घेतली होती. शेपटीकडे दुसऱ्या खवल्यावर खाच, डावीकडे पहिल्यावर, उजवीकडे पाचव्यावर. खाचा आतून ओल्या नखासारख्या पांढऱ्या होत्या.

संध्याकाळी धम्मानंदने त्या पाहिल्या तेव्हा तो कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा वाकला. मग उभा राहिला आणि माझ्याकडे न पाहता बोलला.

"मॅडम, हा काप आजचा आहे. सरांची कानस कुठे असते?"

कानस टेबलाच्या खणात होती. मीच काढून दिली. तिच्या दातांत पांढरी भुकटी अडकलेली होती. पोलिसांकडून पिशवी परत आली तेव्हाही ती भुकटी होती का, हे मी पाहिलं नव्हतं. धम्मानंदने कानस रुमालात गुंडाळली आणि म्हणाला, ही मी नेतो. नूपुरला बोलावून घ्या, काही दिवस तरी. दारात चपला घालताना थांबून त्याने सांगितलं की तो हे कुणाला बोलणार नाही.

मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही हेच समजले असते. तो गेल्यावर मी माझे हात उजेडात धरून नखांखाली पाहिलं. तिथे काही नव्हतं. पण मी कुकर लावायच्या आधी कणीक मळली होती आणि हात धुतले होते.

५

मी शाळेत इतिहास शिकवते. पुराव्याशिवाय मत देऊ नका, असं तीस वर्षं मुलांना सांगत आले. म्हणून ठरवलं की स्वतःची परीक्षा घ्यायची.

खाचा मीच पाडत असेन, तर कानस आता घरात नाही. आणि कानस कुठून पैदा केली तरी नदीतून हवं ते कासव मी आणू शकणार नाही. मी वही काढली आणि २१५ च्या खाली एक खोटी ओळ लिहिली. क्रमांक २१६. ठिकाण, डोहाचा खडक. प्रकार, तंबू कासव. हे कासव वैनगंगेत मिळतं, त्याची पाठ मध्ये तंबूसारखी उंच असते. कन्हानमध्ये मुकुंदला वीस वर्षांत एकही मिळालं नव्हतं. मादी. लांबी एकोणीस सेंटीमीटर. शेऱ्यात लिहिलं, उजव्या मागच्या पायाला एक नख कमी. वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. कुणालाही सांगितलं नाही.

गोविंदा आठव्या दिवशी आला. पोतं त्याने जमिनीवर अलगद टेकवलं.

"असं कासव म्या या पाण्यात जन्मात नाई पाह्यलं," तो म्हणाला. "जाळ्यात बी नाई आलं. त्या खडकावर होतं, बाई. सरायच्या चपला होत्या ना, तिथंच. चढून नसन आलं. कोणं आणून ठेवावं तसं होतं."

मी तक्ता वाचला नाही. पाठ तंबूसारखी होती. मी मोजपट्टी लावली आणि एकोणीस वाचलं, पुन्हा लावली आणि पुन्हा एकोणीस वाचलं. उजव्या मागच्या पायाची नखं एका हाताने पाय धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने मोजली, एक कमी होतं. काठाकडे मी सगळ्यात शेवटी पाहिलं. खाचा होत्या. कडा गोल होत्या.

मी फरशीवर बसले असणार, कारण गोविंदा वरून विचारत होता, "काहून बसल्या, बाई? बरं नाई वाटून राहिलं का?"

मी म्हणाले, बरं आहे. हे कासव आजच्या आज जिथे होतं तिथे सोडून ये.

तो पोतं बांधू लागला. मग थांबून म्हणाला, "वहीत लिहा पण."

लिहिलेलं आहे, असं मी सांगितलं. ते खरंच होतं.

मला वाटलं होतं की मी यातून सुटले तर हायसं वाटेल. मी वेडी नाही, एवढं तर सिद्ध झालं होतं. पण तो गेल्यावर मी कपाटासमोर उभी होते आणि माझ्या मनात वेगळंच येत होतं. मी लिहिलं आणि ते आलं. मुकुंदला जे वीस वर्षं मिळालं नाही ते मी मागितलं म्हणून शोधून खडकावर ठेवलं गेलं. शोधणारा अजून तिथे खाली आहे. आणि तो वही वाचतो.

६

नूपुरचा फोन आला. पळसाला पानं आली आहेत, गुरुजींनी सोमवार सांगितला आहे, ती रविवारी सकाळी पोचेल. मी म्हणाले, पुढच्या महिन्यात करू या का. ती माझ्यासारखी आहे, रागावली की हळू बोलते.

"आई, चार महिने झाले. तू बाबांना अडवून ठेवते आहेस."

ती हे शोकाबद्दल बोलत होती. तिला वहीतलं काही माहीत नाही. मी म्हणाले, ये तू, सोमवारी करू.

आज शनिवार आहे. धम्मानंद सकाळी येऊन तब्येत विचारून गेला. जेवण झाल्यावर मी वही काढली आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. सोमवारी पानांचा माणूस जळाला की तो गेला असं धरलं जाईल, आणि मग कदाचित तो खरोखरच जाईल. आजचा आणि उद्याचा दिवस होता. मी जाणूनबुजून लिहिलं, हे इथे सांगून ठेवते.

क्रमांक २१७. आजची तारीख. ठिकाण, धंतोली, राहतं घर.

पुढचा रकाना प्रकाराचा. कोणता शब्द लिहायचा ते ठरलं होतं, साधा रोजचा शब्द आहे. त्याच्या पुढे नर. त्याच्या पुढे लांबी, आणि मुकुंदची उंची सेंटीमीटरमध्ये किती ते मला माहीत नाही हे लक्षात आलं. मी ते मनात हिशेब करून काढू लागले. पाच फूट सात इंच. पेन हातात तसंच राहिलं. मग वाटलं, चार महिने. डिसेंबरपासून चार महिने तो पाण्यात आहे. मी हा शब्द लिहिला तर तो शब्द येईल, पण चार महिन्यांनंतरचा येईल.

तेव्हा मागच्या बाथरूममध्ये पाणी सांडल्याचा आवाज झाला.

नळाचा आवाज असा नसतो. भरलेल्या बादलीत काहीतरी मोठं ठेवलं की पाणी चारी कडांवरून एकदम बाहेर येतं, तसा होता. टब मी काल भरून ठेवला होता, का ते आठवत नाही. दाराखालून पाणी पॅसेजमध्ये आलं. त्याबरोबर बारीक वाळू आली आणि फरशीच्या सांध्यांत बसली. डोहाच्या तळाचा वास आला. तो वास मुकुंदच्या कपड्यांना यायचा, मी नाक मुरडायचे.

मी पॅसेजमध्ये गेले. दार दोन बोटं उघडं होतं.

टबाच्या कडेवर एक पाठ दिसत होती. टबात मावत नव्हती, कडेवरून थोडी बाहेर आली होती. फिकट होती, गोल होती, ओली होती. तिच्या काठाला तीन खाचा पांढऱ्या दिसत होत्या आणि तिन्हींच्या कडा गोल होत्या. मी मान कुठे आहे ते शोधलं. आत घेतलेली असेल. पाय दिसले नाहीत. पाठ किंचित वर-खाली होत होती, पण पाणीही हलत होतं, त्यामुळे ते श्वास घेणं होतं असं मी म्हणणार नाही.

दारावरचा तक्ता माझ्या डोळ्यांसमोर होता. पाठ कठीण की मऊ? मी नीट पाहिलं. मुकुंद म्हणायचा तसं, जितकं नीट पाहता येईल तितकं पाहिलं. कठीण म्हणावी तर खवल्यांच्या रेषा मध्येच पुसट होऊन संपत होत्या. मऊ म्हणावी तर खाचा इतक्या स्वच्छ पडल्या नसत्या. त्या पाठीचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. ती थांबली होती.

मी बोट पुढे केलं असतं तर लागलं असतं, इतकी जवळ होते. मी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

आता मी टेबलाशी बसले आहे. पॅसेजमधलं पाणी थांबलं आहे. खाली कुणीतरी दवाखान्याचं फाटक विचारत आहे आणि पानवाला सांगतो आहे, पुढे जा, पुढे जा. मागून काही आवाज नाही. मी 'काळं कासव' असं लिहिलं तर आत काळं कासव असेल, गोविंदाला फोन केला की तो येऊन घेऊन जाईल, आणि सोमवारी विधी होईल. मी दुसरा शब्द लिहिला तर कडी काढून दार उघडावं लागेल. दोन्ही शब्द मला लिहिता येतात. नूपुरची गाडी उद्या सकाळी पोचते.

दोनशे सतरा क्रमांकाच्या ओळीत प्रकाराचा रकाना मी अजून भरलेला नाही.